पत्र्यावरचे ठोके

सोयाबीनचा हंगाम आमच्याकडे आवाजाने सुरू होतो. पाने पिवळी पडतात, गळतात, शेंगा तांबूस होतात, झाड हलवले की आत दाणा खुळखुळतो. पण ही सगळी पूर्वतयारी. आमच्या गावात, मेडशीत, कुणी ‘हंगाम लागला’ असे म्हणते ते शिवारात कुठेतरी पहिले मळणीयंत्र गुरगुरू लागल्यावरच. त्या गुरगुरण्याला चढउतार नसतो. कानावर जाड कांबळे टाकावे तसा तो आवाज पडतो आणि पुढचे वीसेक दिवस उचलला जात नाही.

यंदा तो मी एसटीच्या खिडकीतून ऐकला. दसऱ्याच्या आधीचा आठवडा होता. फाट्यावर बस थांबली, चालकाने इंजिन बंद केले, आणि डावीकडच्या उतारावरून यंत्राच्या घरघरीसोबत लोखंडावर लोखंड आपटल्याचे तीन आवाज आले. माझा डावा हात मांडीवरून उठला आणि सीटच्या बाजूला, जिथे काहीच नव्हते, तिथे मूठ वळून थांबला.

“काई पडलं का वं, बाई?” शेजारच्या म्हातारीने वाकून पाहत विचारले.

“नाही. काही नाही.”

खरोखरच काही नव्हते. हा हात गेली सहा वर्षे असा उठतो. पुण्यात माझ्या इमारतीत नळ दुरुस्त करणारा पाइपवर पाना आपटतो, कुणी लिफ्टच्या दारावर अंगठी ठोकते, शेजारच्या स्वयंपाकघरात पातेल्याच्या काठावर डाव झटकला जातो. हात उठतो, मूठ वळते, मग मी तो परत जागेवर ठेवते. भीती वाटत नाही. सैल झालेली कडी वाऱ्याने हलावी, तसे ते असते.

त्या संध्याकाळी जेवताना बाबांनी विचारले. त्यांचे मळणीयंत्र आहे आणि ते ओढणारा एक जुना ट्रॅक्टर. हंगामात ते गावोगावची सोयाबीन काढून देतात. उजव्या हाताला अंगठा आणि करंगळी एवढेच असल्याने ते डाव्या हाताने जेवतात, आणि आता इतक्या सफाईने जेवतात की नवख्याला ते जन्मापासूनचे डावखुरेच वाटावेत.

“बाई, उद्या ट्रॅक्टरवर मानूस नाई,” ते म्हणाले. “तो अनसिंगले गेला सासरवाडीले. बायकोचे दिवस भरले त्याच्या. तू बसतं का?”

आईचा हात तव्यावरच्या पोळीवर थांबला. “तिले कायले इचारता? दोन दिवसांसाठी आली पोरगी.”

“इचारलं फक्त. नाई म्हनली तर नाई.”

मी ‘पाहू’ म्हणाले. सहा वर्षांत मी त्या ट्रॅक्टरवर बसले नव्हते. तसे कुणी मला सांगितले नव्हते, आणि मीही कधी तसे ठरवले नव्हते. बसण्याची वेळ येणार नाही अशा बेताने मी गावी येत असे: उन्हाळ्यात, दिवाळीनंतर, एकदा पोळ्याला. यंदा हंगामात आले ते कार्यालयाच्या सुट्ट्या तशा जुळल्या म्हणून. निदान मी स्वतःला तसे सांगितले होते.

माझे काम त्या उठणाऱ्या हाताच्या नेमके उलट आहे. मोबाईलच्या मनोऱ्यावर एकाच वेळी असंख्य फोनांच्या लहरी येऊन आदळतात. हवेला कप्पे नसतात. त्या सरमिसळ होऊनच येतात. त्यांतून ज्याचे बोलणे त्याचे वेगळे काढायचे, आणि जे आपल्यासाठी नाही ते कानावर पडूनही जाऊ द्यायचे, एवढे रिसीव्हरला शिकवावे लागते. त्या शिकवण्याचे गणित मी लिहिते. ते गणित चांगले चालते. माझे वरिष्ठ माझ्यावर खूश आहेत आणि पुढच्या वर्षी मोठा गट माझ्याकडे येईल अशी चिन्हे आहेत. मला तो हवा आहे. हवे असणे ही माझ्यात शाबूत राहिलेल्या थोड्या गोष्टींपैकी एक आहे.

हवा एक आणि बोलणारे अनेक, या अडचणीवर माणसांनी काढलेले तोडगे मी पुस्तकात वाचले तेव्हा त्यांतले दोन मला ओळखीचे वाटले. पहिला सोंगणीचा, म्हणजे कापणीचा. वीस बाया शेतात उतरतात तेव्हा प्रत्येकीने आपली पात धरलेली असते. चार-चार ओळींचा आपला पट्टा, त्याबाहेर विळा न्यायचा नाही. हवेतल्या वारंवारितांचेही असे पट्टे पाडून एकेकाला एकेक देता येतो. कुणी कुणाच्या मध्ये येत नाही. मात्र एखादी बाई पाणी प्यायला गेली की तिची पात तेवढा वेळ ओस पडते. दुसरा तोडगा पाळीचा. यंत्र एक आणि मळणीसाठी रचलेल्या सोयाबीनच्या सुड्या तीस. आज याचे, उद्या त्याचे. फोनांनाही वेळेचे असे तुकडे वाटून देता येतात, इतके बारीक की आपली पाळी गेली आणि पुन्हा आली हे बोलणाऱ्याच्या लक्षातही येत नाही.

तिसरा तोडगा मात्र पहिल्या वाचनात मला अशक्य वाटला होता. त्यात पट्टे नाहीत आणि पाळ्याही नाहीत. सगळ्यांनी एकाच वेळी, एकाच रुंद पट्ट्यात, खुशाल बोलायचे. फक्त प्रत्येकाने आपले बोलणे एका ठरलेल्या नक्षीने गुणून पाठवायचे. सुपातले धान्य एका जागी न ओतता अंगणभर इतके विरळ पसरावे की पाहणाऱ्याला ती धूळ वाटावी, तसा एकेक शब्द अधिक-उण्याच्या लांबलचक माळेवर पसरला जातो. विस्तारित वर्णपट म्हणतात तो हाच. कोणत्याही एका जागी पाहिले तर तिथे गोंगाटापलीकडे काहीही सापडत नाही. पण ज्याच्यापाशी तीच नक्षी आहे, तो ती त्या गोंगाटावर ठेवतो, गुणतो, बेरीज करतो, आणि विखुरलेला शब्द एका जागी उभा राहतो.

दोन नक्ष्या कशा असाव्यात, हे चार मात्रांतही दाखवता येते. एक नक्षी अधिक, अधिक, उणे, उणे. दुसरी अधिक, उणे, अधिक, उणे. पहिली पहिलीनेच गुणून बेरीज केली तर चार येतात. पहिली दुसरीने गुणली तर शून्य. म्हणजे दुसऱ्याचे बोलणे माझ्या कानाशी येते, माझ्या नक्षीवर पडते आणि स्वतःलाच खाऊन नाहीसे होते. आजचे फोन बहुतांशी पट्टे आणि पाळ्या यांचीच फार बारीक वीण वापरतात. नक्षीची पद्धत त्यांच्यातून मागे पडत चालली आहे. पण फोनमधला नकाशा मला ‘तू फाट्यावर आहेस’ असे सांगतो, तो याच पद्धतीच्या जोरावर. कितीतरी उपग्रह एकाच वारंवारितेवर एकदम बोलत असतात, जमिनीवर पोचेपर्यंत त्यांचा आवाज गोंगाटाच्याही खाली गेलेला असतो, आणि तरीही ज्याचा तो वेगळा निघतो.

या सगळ्यात अट एकच. नक्ष्या वेगळ्या हव्यात.

बाबांच्या कामात ठोके होतेच. ट्रॅक्टरवर बसणाऱ्याची पाठ यंत्राकडे असते, आणि यंत्र चालू असताना माणसाचा आवाज दोन पावलांवरही पोचत नाही. म्हणून यंत्राजवळ उभा असलेला माणूस हातातल्या पान्याने यंत्राच्या पत्र्यावर ठोकतो. लोखंडाचा तो टणत्कार इंजिनाच्या घरघरीतून आरपार येतो. लागोपाठ तीन ठोके म्हणजे थांब. दोन लागोपाठ, मग जरा थांबून एक, म्हणजे चालू कर. ट्रॅक्टरवरच्याने मागे वळून पाहायचे नाही. क्लच दाबायचा आणि ट्रॅक्टरची ताकद यंत्राला जोडणारा डाव्या बाजूचा दांडा खाली किंवा वर करायचा. मी दहावीत असताना हे शिकले. बाबा म्हणत, “मांगं पाहाचं काम नाई. आयकाचं काम हाये.”

त्यांच्याकडून हे शिकलेला दुसरा माणूस गजानन, सगळ्यांचा गजू. पाच हंगाम तो बाबांच्या यंत्रावर राबला, मग त्याने स्वतःचे यंत्र घेतले. बाबांना तो वस्ताद म्हणतो. त्याचे यंत्र वेगळे, ट्रॅक्टर वेगळा, चालक वेगळा. पण ठोके तेच, कारण दुसरे ठोके असू शकतात हे त्याला कुणी शिकवलेच नव्हते.

सहा वर्षांपूर्वीच्या त्या हंगामात मी पदवी संपवून पुढच्या प्रवेशपरीक्षेच्या अभ्यासासाठी घरी होते. बाबांचा चालक तापाने पडला होता, म्हणून दिवसा मी ट्रॅक्टरवर बसत असे. वही नेहमी सोबत. वहीत त्या आठवड्यात हेच प्रकरण होते: अनेकांनी एक माध्यम वाटून घेण्याच्या रीती. मला त्याचा अभिमान होता. बाविसाव्या वर्षी आपल्याला एखादे अवघड प्रकरण समजले आहे ही भावना अंगावर नव्या लुगड्यासारखी वागवता येते.

त्या दिवशी आम्ही दोन भावांच्या शेतात होतो. दोघांची शेते लगत, मध्ये बांधाचा धुरा, आणि दोघांनीही आपापली सुडी धुऱ्याला लागून रचलेली. पश्चिमेकडे परतीच्या पावसाचे आभाळ होते. धाकट्याने घाई करून गजूला बोलावले होते. सकाळी नऊच्या सुमाराला त्याचे यंत्र धुऱ्यापलीकडे लागत होते आणि आमच्या बाजूला चहा चालला होता.

बाया सुडीच्या सावलीत बसल्या होत्या. त्यांची म्होरकी रुखमाकाकू. तिने माझी वही पाहिली.

“काय वाचून राह्यली वं, माय? सोयाबीनचा भाव लिवला का त्याच्यात?”

मी सांगितले. पातीचे सांगितले, पाळीचे सांगितले.

“म्हंजे मोबाईलमंदी बी पात धरते का?” रुखमाकाकू म्हणाली. “मंग आमच्या सुनेले काहून नाई धरता येत? दर खेपी माह्या पातीत इळा.”

“आत्याबाई, तुमचीच पात वाकडी जाते,” सून म्हणाली, आणि सगळ्या हसल्या.

मग मी तिसऱ्या रीतीकडे वळले. एकदम बोलूनही वेगळे कसे ऐकू येते, ते मी टाळ्यांनी दाखवले. काकूला सांगितले, दोन टाळ्या वाजव, मग तेवढाच वेळ गप्प राहा, पुन्हा दोन. सुनेला सांगितले, एक टाळी, एक गप्प, एक टाळी, एक गप्प. दोघी एकदम वाजवू लागल्या. इतर बायांना म्हटले, आता फक्त काकूच्या टाळ्या मनात धरा. आधी गलका झाला. मग एकेकीची मान काकूच्या चालीवर हलू लागली.

“हाव वं! सुनबाईची आयकूच नाई येऊन राह्यली मले,” एकजण म्हणाली.

“मले तर लग्न झाल्यापासूनच नाई येत,” काकू म्हणाली.

पुन्हा हशा. बाबा यंत्राच्या पट्ट्याला वंगण लावत होते, आमच्याकडे पाठ करून. त्यांचे कान तेव्हाच मंद झाले होते. इतक्या हंगामांत कुणाचेही होतात. त्यांनी काही ऐकले असेल असे मला वाटले नाही.

हसू ओसरल्यावर रुखमाकाकूने कपातला तळ मातीत ओतला आणि विचारले, “आन दोघायची टाळी एकच असली, मंग?”

“मग सगळा गोंधळ,” मी म्हणाले. “पण तसं कुणी करत नाही.”

धुऱ्यापलीकडे गजूने नेमका तेव्हाच पाना पत्र्यावर आपटून पाहिला. यंत्र लावल्यावर सगळेच तसे करतात. तो आवाज मी ऐकला. मला तो नीट आठवतो. तो ऐकून मी वही मिटली, पिशवीत घातली, पिशवी सीटखाली ठेवली आणि ट्रॅक्टर सुरू केला. दोन यंत्रे आहेत, दोघांचे ठोके एक आहेत, आणि ठोके एक असले तर काय होते, या तिन्ही गोष्टी त्या शेतात एकत्र ठाऊक असलेली मी एकटीच होते. त्या मी शेजारी शेजारी ठेवल्या नाहीत.

दुपारपर्यंत काम सुरळीत चालले; आमचे यंत्र फिरत असताना पलीकडचे ठोके त्याच्या आवाजात बुडून जात. यंत्राच्या मागून कुटार, म्हणजे शेंगांचा भुसा, सोनेरी धुरासारखे उडत होते. मानेला खाज, दातांत माती, डोक्यावर बांधलेल्या ओढणीत भुसा. सुडीच्या तळाची काडे जमिनीच्या ओलीने दमट असतात. ती ड्रमात गेली आणि ड्रम अडला. तीन ठोके आले. मी दांडा काढला. यंत्र थांबले, इंजिन चालू राहिले. खरे तर इंजिनही बंद करायचे असते. पण इंजिन तापल्यावर आमच्या ट्रॅक्टरचा सेल्फ उठत नव्हता. एकदा बंद पडला की ढकलत उतारावर न्यावा लागे, आणि आभाळ जवळ आले होते. मला दिसत नव्हते, पण बाबा काय करत असतील ते मला ठाऊक होते: यंत्राच्या तोंडातून हात घालून ओली काडे उपसत असतील.

मग ठोके आले. दोन लागोपाठ, जरा थांबून एक.

वारा धुऱ्याकडून होता. गजूचा हात तरणा, त्याचा पाना जड. जोरात बोलणाऱ्याचा आवाज दुसऱ्याच्या कानावरही जाऊन आदळतो; म्हणून मनोरा जवळच्या फोनाला सतत सांगत असतो, हळू बोल, हळू बोल. गजूला असे सांगणारे कुणी नव्हते. त्याने आपल्या चालकाला चालू कर म्हणून सांगितले होते. त्याच्या चालकाने चालू केले. मीही केले.

त्यानंतर तीन ठोके आले नाहीत. इंजिनाचा सूर क्षणभर खाली गेला आणि पुन्हा वर आला. रुखमाकाकू पळत ट्रॅक्टरच्या पुढे आली आणि दोन्ही हातांनी पदर हलवू लागली. तिचे तोंड उघडे होते. त्यातून आवाज येत असणार, पण तो मला ऐकू येत नव्हता. मी किल्ली फिरवली. शांतता झाली, आणि त्या शांततेत पलीकडचे यंत्र छान चालले होते.

अकोल्याच्या रस्त्यावर गाडीत बाबांचे डोके माझ्या मांडीवर होते. गजू पुढे बसला होता आणि त्याच्या गुडघ्यांवर दुपट्ट्यात गुंडाळलेले काहीतरी होते. बाबा शुद्धीवर होते. “सुडी झाकली का कोनी?” त्यांनी दोनदा विचारले. वाटेत पाऊस लागला. मला आठवते ते एवढेच, की काचेवरचा वायपर एका ठरावीक चालीने फिरत होता आणि मी ती चाल मोजत होते.

गावात असे पसरले की माझ्या कानात फोन होता. गाणी ऐकत होती, कुणी म्हणाले; नाही, अभ्यासाचे ऐकत होती, दुसरे कुणी म्हणाले. ते खरे असते तर बरे झाले असते. निष्काळजीपणाला माफी मागता येते आणि ती मिळतेही. माझे लक्ष पूर्ण कामावर होते. मी ऐकले ते अचूक ऐकले. फक्त ते मला सांगितलेले नव्हते.

बाबा दवाखान्यातून आले तेव्हा ओट्यावर जमलेल्या लोकांना म्हणाले, “तिच्या कानात काईच नोयतं. तिनं आयकलं तेच केलं.” त्यांनी हे माझा बचाव म्हणून सांगितले होते. मला ते निदानासारखे वाटले.

गजू दोन महिने आला नाही. मग एका सकाळी येऊन उंबऱ्याशी बसला. “वस्ताद, ठोका माहा होता.”

“ठोका माहाच होता, गजू,” बाबा म्हणाले. “तुले म्याच देल्ला.”

मी आत होते. मलाही बाहेर येऊन काही म्हणता आले असते. त्या घरात तेव्हा सगळेच फार हळू बोलत. मी वही उघडली आणि पुढचे प्रकरण घेतले.

त्या हिवाळ्याच्या अखेरीस परीक्षा झाली. चार मात्रांच्या दोन नक्ष्या देऊन विचारले होते, या एकमेकींना बाधा आणतील काय? मी गुणाकार केला, बेरीज केली, शून्य लिहिले आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले. निकाल उत्तम लागला. पेढे बाबांनी डाव्या हाताने वाटले.

असो. यंदाची सकाळ. मी काही ठरवले नव्हते, पण उठून, शेतात बाया साडीवर घालतात तसा आईचा जुना सदरा पंजाबी ड्रेसवर चढवला, डोक्याला ओढणी बांधली आणि बाबांच्या मागे चालत निघाले. आईने शिदोरी माझ्या हातात दिली आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली, “तिखट जास्त झालं आज.”

तेच शेत होते. तेच दोन भाऊ, तोच धुरा. आणि धुऱ्यापलीकडे गजूचे यंत्र. रुखमाकाकू आता थकली आहे. सुडी वाहत नाही, पोत्यांची तोंडे धरते. तिने मला पाहिले, पदराला हात पुसले आणि नुसती मान हलवली.

बाबांनी मला ट्रॅक्टरजवळ उभे केले. “आता पहिल्यासारखं नाई,” ते म्हणाले. “ड्रम अडला का इंजिन बंद. सेल्फ नवा हाये, भेव नाई. दुसरं, आंधी आपलं नाव ठोकाचं, मंग काम सांगाचं. परतेक मशीनचं नाव आल्लग. तिसरं, तू चाकावरच्या पत्र्यावर जबाब देशीन. जबाबाबिगर मी हात घालत नाई. सुरू कराच्या टायमाले बी तसंच. मी ठोकीन, तू जबाब दे, मी पुन्हा ठोकीन. मंगच दाब.”

“नाव म्हणजे?”

त्यांनी पाना डाव्या हातात घेऊन दाखवले. दोन ठोके, दोन मात्रा शांतता. पुन्हा दोन ठोके, दोन मात्रा शांतता. “हे आपलं.” मग एक ठोका, एक मात्रा शांतता, ठोका, शांतता. “हे गजूचं. धनजच्या मशीनवाल्याले बी एक देल्लं, तो शिकाले आलता तवा.”

सवयीने मनात अधिक-उणे मांडले गेले. अधिक, अधिक, उणे, उणे. अधिक, उणे, अधिक, उणे. गुणाकार, बेरीज. शून्य. एक मात्रा मागे सरकवून पाहिले, कारण शेतात दोघे एकाच क्षणी सुरुवात करतील याची हमी नाही. नक्षी चालू असेपर्यंत तरीही शून्य.

“बाबा, हे कुठून काढलंत?”

“म्या कायले काढतो?” ते म्हणाले. “तुह्याच टाळ्या हायत त्या. रुखमाबाईले आन तिच्या सुनेले वाजवाले लावल्या होत्या न तू? त्या सकाळी. म्या वंगण लावून राह्यलो होतो.”

ते यंत्राकडे गेले. मी सीटवर चढले. या ठिकाणी काहीतरी उमलायला हवे होते, भरून यायला हवे होते, हे मला समजत होते. तसे काही झाले नाही. सीटचे रेक्झिन फाटले होते आणि स्पंज उन्हाने कडक झाला होता. ते टोचत होते.

दोन ठोके, शांतता, दोन ठोके, शांतता. मग चालू कर. मी चाकावरच्या पत्र्यावर मूठ आपटली. पुन्हा तेच ठोके. दांडा टाकला. यंत्र फिरू लागले आणि कांबळे कानावर पडले. तासभर काम झाले. कुटार उडत होते, बाया येत-जात होत्या. मी समोर पाहत होते. समोर, शेताच्या दुसऱ्या कडेच्या धुऱ्यावर कुणीतरी यंदा तूर दाट लावली आहे.

मग ड्रम अडला. आमचे नाव, तीन ठोके. दांडा काढला, किल्ली फिरवली, मूठ आपटली. आमच्या बाजूला एकदम सामसूम. मागे बाबा काडे उपसत असल्याची खसखस ऐकू येत होती. किल्ली माझ्या हातात होती.

धुऱ्यापलीकडून ठोके आले. जवळून, जोरात, वाऱ्यासोबत. ठोका, शांतता, ठोका, शांतता. ठोका, शांतता, ठोका, शांतता. मग दोन लागोपाठ, आणि जरा थांबून एक.

मी माझ्या डाव्या हाताकडे पाहिले. तो मांडीवर होता. बोटे सैल होती. ठोके माझ्यावरून गेले, पलीकडच्या तुरीत शिरले आणि संपले. कुणीतरी कुणालातरी काहीतरी सांगितले होते. एवढेच.

मागची खसखस चालूच होती. बाबा सावकाश उपसत होते. डाव्या हाताला वेळ लागतो. मी थांबले.